एका आवाजाला पास

आमचे काका कुणाच्याही घरी गेले की आधी दार वाजवायचे, आणि दार उघडल्यावरसुद्धा वाजवत राहायचे. समोर यजमान 'या या' करत उभा, आणि हे आपले बोटाच्या पेराने दाराच्या वर, मध्ये, बिजागरीपाशी टकटक करतायत, मान तिरकी करून. मग आत येऊन शांतपणे सांगायचे की दार पोकळ आहे, घरातलं सगळं बोलणं जिन्यात ऐकू जात असेल. पहिल्याच भेटीत असं ऐकल्यावर माणूस चहा तरी कशाला विचारेल? पण लोक विचारायचे. कारण ते खरं असायचं, आणि त्या घरातल्या सुनेला ते आधीपासून माहीत असायचं.

काका म्हणजे नात्याने माझे कोणी नव्हेत. मानपाड्याला एमआयडीसीत त्यांची एक छोटी शेड. जनरेटरवर बसवायच्या आवाजबंद पेट्या आम्ही तिथे बनवतो. मी ड्रॉइंग आणि कटिंग बघायला म्हणून लागले आणि तिथलीच होऊन गेले. सहा जणं होतो आम्ही कामाला. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे 'म्यूट'. त्यांना ते कळलेलं. एकदा सहज म्हणाले, "म्यूट चुकीचं आहे. मी व्हॉल्यूम आहे." बास, त्या दिवसापासून कोणी म्हटलं नाही, मजाच गेली त्यातली.

त्यांच्या खिशात कायम तीन वस्तू असायच्या. खडू, शाळेतली लाकडी फूटपट्टी आणि हातभर रबरी नळी. नळीचं एक टोक कानात घालून दुसरं टोक पेटीच्या कडेकडेने फिरवायचे. जिथून आवाज झिरपतोय तिथे खडूने गोल. फूटपट्टीचं प्रकरण वेगळं. ती दातात घट्ट धरायची आणि दुसरं टोक चालू मशीनला टेकवायचं, म्हणजे मशीनची थरथर सरळ कवटीत. नवीन गिऱ्हाईक हे बघून हबकायचं. माणूस मशीन चावतोय की काय, असंच वाटायचं कुणालाही.

आवाज मारायचा नसतो, दमवायचा असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि कामाचा क्रम ठरलेला: आधी पाय, मग फटी, मग अंग. म्हणजे पहिल्यांदा मशीनच्या पायाखाली रबर, नाहीतर सगळी जमीनच वाजते. मग फटी बुजवायच्या. आणि सगळ्यात शेवटी जाड शीट आणि फोम. लोक उलटं करतात, नुसता फोम चिकटवतात आणि मग आवाज तसाच येतो म्हणून रडतात. एक शेठ एकदा येऊन म्हणाला, काका, जास्त काही नको, काहीतरी जुगाड करून द्या. काकांनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, जुगाड पलीकडच्या गाळ्यात मिळतो. गेला बिचारा पलीकडच्या गाळ्यात.

आता हा माणूस आवाजाचा शत्रू होता असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला मी त्यांना गावी बोलावलेलं. आमच्याकडची हळद म्हणजे डीजेच्या भिंती. मला वाटलं, काका आता कानावर हात ठेवून पळणार. ते सरळ मांडवामागे गेले, तिथल्या जनरेटरचं झाकण दाबून बसवलं, खाली कुणाचीतरी जुनी चप्पल सरकवली, आणि हात पुसत परत येऊन पहिल्या रांगेत बसले. जनरेटर गप्प, डीजे तसाच. मी विचारलं तर म्हणाले, डीजे तुम्ही स्वतःहून लावलाय, तो तुमचा आनंद आहे, त्यात मी पडत नाही.

मला कामावर घेताना त्यांनी डिप्लोमाची मार्कशीट उघडूनही बघितली नाही. डोळे मीट म्हणाले, आणि काय काय ऐकू येतं ते सांग. मी कॉम्प्रेसर सांगितला, शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर सांगितला, पंख्याचं एक पातं वाकलंय तेही सांगितलं, आणि शेवटी, खोटं कशाला बोलू, तुमचं पोट बोलतंय असंही सांगितलं. उद्यापासून ये म्हणाले.

मी निघाले तर मागून हाक मारली आणि विचारलं, तू एवढ्या मोठ्याने का बोलतेस? मला राग आला. म्हटलं, आम्ही खाडीवरची कोळी माणसं, आमच्यात प्रेमाने बोललं तरी शेजारी भांडण बघायला बाहेर येतात. त्यांनी मान हलवली.

"नाही. तुझ्या घरात कोणीतरी इंजिनाजवळ बसतं."

बसत होते. माझे बाबा. तीस-पस्तीस वर्षं गेली त्यांची त्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाशेजारी. दिवा आणि डोंबिवलीच्या मधे खाडीला लागून आमचं गाव. बाबा जाळी टाकायला जातात, आई ती मासळी डोंबिवलीच्या बाजारात विकते. लहान लाकडी होडी, इंजिन उघडंच, वर पत्र्याचा एक तुकडा. ते सुरू झालं की बोटीवरच्या माणसाने समोरच्याच्या कानात तोंड घालूनच बोलायचं. बाबांचे कान कधी गेले ते आम्हाला कळलंच नाही, आम्ही फक्त दरवर्षी थोडं थोडं मोठ्याने बोलत गेलो.

मग एक दिवस रेतीचा बार्ज बाबांच्या अंगावर आला. बार्जवाला भोंगा वाजवून वाजवून दमला, यांना पत्ताच नाही. शेवटच्या क्षणी पाण्यात सावली दिसली म्हणून सुकाणू फिरवलं, नाहीतर मी हे सांगत बसले नसते. ठाण्याला नेऊन कान तपासले. तिथल्या मॅडमनी कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ दाखवली आणि सांगितलं, गेलंय ते परत येणार नाही, उरलंय तेवढं वाचवायचं असेल तर इंजिन सोडा, वर्षाने परत बघू.

आईने घरी येऊन कुणाला काही विचारलं नाही. इंजिन सुरू करायचं हँडल उचललं आणि कुठेतरी लपवून टाकलं.

"कान पायजे का बोट," ती म्हणाली, "एक काय तं सांग."

बाबा रोज सकाळी उठून धक्क्यावर जायचे, होडीत बसायचे, पाणी चढताना बघायचे, उतरताना बघायचे आणि घरी यायचे. आठ दिवसांत माणूस वाळला. मला ते बघवेना. जेवताना समोर बसायचे आणि पानातलं तसंच ठेवून उठायचे.

मी काकांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, इंजिन कशावर बसवलंय? मी म्हटलं, सरळ लाकडावर, बोल्टने आवळून. काका उभेच राहिले. म्हणजे अख्खी होडी ढोलकी झालीये, म्हणाले, चल.

टेम्पोत सामान घालून आम्ही निघालो तर शीळफाट्याला अडकलो, नेहमीप्रमाणे. तासभर. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. काका डोळे मिटून बसलेले आणि मला सांगत होते, डावीकडच्या ट्रकचा सायलेन्सर फुटलाय, मागच्या डंपरचा पट्टा सैल आहे, त्याला सांगून ये. मी काही गेले नाही. तेच उतरून सांगून आले.

बाबांनी त्यांचं स्वागत काही फार प्रेमाने केलं नाही. जनरेटरवाला बोटीला काय करनार, असं माझ्या देखत बोलले, तेही त्यांच्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं. काका हसले. त्यांना कोणी मोठ्याने बोललेलं लागायचं नाही, कारण विचारायची सवय होती.

काम आम्ही क्रमाने केलं. पाय, फटी, अंग. इंजिन उचलून खाली रबराचे जाड ठोकळे दिले. भोवती मरीन प्लायची पेटी, आतून रबरासारखी जाड काळी शीट, त्यावर फोम. हा फोम तसाच ठेवला असता तर बोटीच्या तळातलं पाणी आणि डिझेल पिऊन आठवड्यात कुजला असता, म्हणून प्लास्टिकच्या पातळ पन्नीत शिवून घेतला. इंजिनाला हवा तर पाहिजेच, नाहीतर तापून बंद पडेल. तर हवेसाठी काकांनी नागमोडी बोगदा ठेवला, आतून फोम लावलेला. हवा वळणं घेत आत जाते, आवाज वळणावळणावर दमतो. शेवटी नळी कानात घालून ते दोन तास पेटीभोवती रांगले आणि खडूचे सतरा गोल काढले. सतराही बुजवले.

आईने बघण्यापुरतं हँडल काढून दिलं. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि धक्क्यावरचे लोक गप्प झाले. एवढीशी घरघर, झाकलेली. बाबांनी वाकून बघितलं, खरंच चालू आहे का ते. आईने हँडल त्यांच्या हातातच राहू दिलं. मला तर असं भरून आलं की मी उगाच दोरी गुंडाळत बसले.

दुसऱ्याच दिवशी आईचा फोन शेडवर. बाबा चिखलात रुतलेत. ओहोटीच्या वेळी, गावाच्या अगदी समोर, जिथे ते डोळे मिटून जातात तिथे. आता भरती येईपर्यंत सहा तास काही हलणार नाही. पूर्ण गाव काठावर, निम्म्यांचे मोबाइल वर. उभ्या आयुष्यात बाबा कधी रुतले नव्हते. छत्री उघडून पाठ फिरवून बसलेले, तो फोटो मला गावच्या ग्रुपवर चार जणांनी पाठवला. आईने हँडल परत घेतलं ते वेगळंच. बाबांचं एवढंच म्हणणं होतं, की पाणी कमी झालं की इंजिन त्यांना सांगायचं. घुमायचं, जड व्हायचं. आता ते मुकं झालंय.

काकांनी ऐकून घेतलं आणि हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मी इंजिनाचा आवाज मोजला. नाखवांना काही विचारलंच नाही."

आणि मग तो माणूस, ज्याला पोहता येत नव्हतं, जो साठीपर्यंत कधी होडीतून पाण्यावर गेला नव्हता, रोज खाडीवर यायला लागला. आईने त्या दिवसांपुरतं हँडल सोडलं, काका बोटीत असतील तरच, या अटीवर. शर्टावर नारिंगी जॅकेट, डोक्यावर शेडमधलं पिवळं हेल्मेट. पाण्यात हेल्मेट कशाला, असं विचारलं तर सवय आहे म्हणाले. शेडवर नऊच्या ठोक्याला येणारा माणूस आता भरती-ओहोटीच्या वेळेने रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा यायचा. बाबा सुकाणूवर उभे, मी मधे आणि काका खाली बसून दातात फूटपट्टी, तिचं टोक होडीच्या कडेला. बाबांनी पाणी कमी झालं असं म्हटलं की हे वहीत खूण करायचे. बाबा चुकत होते. दर तिसऱ्या-चौथ्या वेळी सुकाणू घासायचंच. चेहरा पडायचा त्यांचा, आणि मला खाली बघावं लागायचं.

पाचव्या दिवशी काकांनी दातातली पट्टी काढली आणि बाबांच्या पायांकडे बघत बसले. बाबा उभे राहतात ती मागची फळी. तिच्यावर काळी जाड शीट होती, छान कापलेली, कडा घासलेली. काकांनी बाबांना तिच्यावरून बाजूला व्हायला सांगितलं, शीट उचकटली, आणि म्हणाले आता उघड्या लाकडावर उभे राहा, अनवाणी. होडी परत उथळ पाण्याकडे नेली. बाबा बरोबर बोलले. परत नेली, परत बरोबर. मग काकांनी स्वतःच्या रबरी चपला बाबांना घालायला लावल्या आणि तिसऱ्यांदा नेलं. बाबा चुकले.

तेव्हा बाबांना स्वतःलाच पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ते म्हणत होते की इंजिन मला सांगतं, कानाने ऐकतो. कान तर केव्हाच गेलेले. ते पायाने ऐकत होते.

"मग ही शीट कोनी घातली हितं?" बाबांनी विचारलं.

शीट मी घातलेली. ड्रॉइंगमध्ये नव्हती ती. तासन्‌तास उभं राहून बाबांचे गुडघे दुखतात म्हणून मी उरलेल्या मालातून कापली, कडा घासल्या आणि कुणाला न विचारता चिकटवली. काकांनी ती तेव्हाच ओळखली असणार, माझी कापायची पद्धत त्यांनीच तर शिकवलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी घातली," ते म्हणाले. "माझी चूक."

माझ्या तोंडून त्या वेळी शब्द फुटला नाही, याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळी बाबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, मना म्हाइत हाय, कडा कोन घासतं यवरा. आणि ताटातला बोंबील माझ्या पानात टाकला. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये सगळ्यांच्या समोर काकांना सांगितलं की ती शीट माझी होती. त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी आधी विचारशील? मी हो म्हटलं. मग झालं तर, म्हणाले, आणि नळी घेऊन निघून गेले.

पण नुसती शीट काढून काकांचं समाधान होणार होतं थोडंच. रबराच्या ठोकळ्यांमुळे फळीपर्यंत येणारी थरथर पहिल्यापेक्षा कमीच झालेली. तर त्यांनी सागाची एक पट्टी घेतली, पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगपासून थेट बाबांच्या फळीखालपर्यंत नेली आणि दोन्ही टोकांना घट्ट आवळली. कानाला खाणारा कर्कश आवाज पेटीत कोंडलेला, आणि तो एक जाडा, घुमणारा आवाज तेवढा लाकडातून चालत बाबांच्या टाचांपर्यंत. सगळ्या आवाजांना बंदी आहे, काका म्हणाले, याला एकट्याला पास. आयुष्यभर आवाज अडवलेल्या माणसाने मुद्दाम एका आवाजाला रस्ता करून दिला, आणि त्या पट्टीवर तो आठ दिवस रंधा मारत होता. मी कितीतरी पेट्या बघितल्यात, मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या, टॉवरांच्या. त्या पट्टीसारखं काम मी दुसरं बघितलं नाही.

बाबा त्यानंतर रुतले नाहीत. आईने हँडल कायमचं देऊन टाकलं, एक अट घालून, की काका सांगतील तेव्हाच पेटी उघडायची. गावातले बाकीचे लोक आधी लांबून बघायचे, मग एकेक जण पेटीवर टकटक करून जायला लागला, आणि मग विचारायला. काकांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, आधी मी तुमच्याबरोबर येणार, तुम्ही कशाने ऐकता ते बघणार, मग पेटी. एक जण ढोपराने ऐकायचा, होडीच्या कडेला टेकवून. त्याची पट्टी तिथे नेली.

वर्ष झालं तसं बाबांना परत ठाण्याला नेलं. त्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बाबा बसले, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेर. रेघ अजून खाली गेली असेल तर बोट विकायची असं बाबांनी स्वतः आईला सांगून ठेवलेलं, शपथ घेऊन. मॅडमनी कागद बाहेर आणला, जुना कागद शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, जिथे होती तिथेच आहे, अजिबात उतरली नाही. इंजिनाचं काम सोडलंत ते फार बरं केलंत.

"सोरला नाय," बाबा म्हणाले. "रोज जातंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग जे काय मला सुचलं ते मी बोलत सुटले, पाय, फटी, अंग, बोगदा, पट्टी, टाचा, सगळं, आणि एवढ्या मोठ्याने की बाहेरचे पेशंट आत डोकवायला लागले. बाबांनीच माझा हात दाबून मला गप्प केलं.

काकांना मी कागद दाखवायला शेडवर गेले. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. वरची रेघ खालच्या रेघेवर बसली, कुठेही हलली नाही. त्यांनी कॉम्प्रेसर बंद करायला लावला, वेल्डिंग थांबवलं, सगळ्यांना जवळ बोलावून ते दोन कागद उजेडात धरून दाखवले. "हे आपण केलं," एवढंच म्हणाले. डोळे पुसायला मात्र खडूचाच हात वापरला, त्यामुळे गालावर पांढरं झालं आणि आम्हाला कुणाला ते सांगायचं धाडस झालं नाही.

मग काकांनी चाचरत विचारलं, हा कागद इथे ठेवला तर चालेल का? मी म्हटलं, ठेवा की. नाही, म्हणाले, कागद नाखवांचा आहे, त्यांना विचार. बाबा स्वतःच आले मानपाड्याला, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत जिवंत चिंबोऱ्या घेऊन. फ्रेम करून आणलेला कागद त्यांनी आपल्या हाताने भिंतीवर लावला.

आता काका मुलीकडे पुण्याला असतात. शेड मी बघते. नवीन गिऱ्हाईक आलं की भिंतीवरचं परवानगीपत्र वाचतं, देवाला हात जोडतं, आणि मग त्या उतरत्या रेघेच्या फ्रेमपाशी अडतं. हे कसलं सर्टिफिकेट, मॅडम, असं विचारतं.

मी सांगते, हा माझ्या बाबांचा कान आहे, आणि तो अजून खाडीवर जातो.